लालित्याचे सात गुण

सोमवार, १४ सप्टेंबर १९५३

आज अपराह्णी चार वाजून दहा मिनिटांनी माझी क्रीडासमितीवर नियुक्ती झाली. मद्यपाननिषेध मंडळाच्या सचिवास गुत्त्याचा अधीक्षक नेमावे, तद्वत हा प्रकार. या एल्डरटन महाविद्यालयात मी तेवीस वर्षे लॅटिन शिकवीत आहे. या अवधीत ग्रंथालयाचे छप्पर नऊ वेळा गळले आणि क्रीडांगणाच्या बाकांना अकरा वेळा रंग लागला. ही आकडेवारी मी अध्यक्ष पूल यांना सविनय सादर केली. ते प्रसन्नपणे म्हणाले, "फेनविक, म्हणूनच तर तुम्ही हवे आहात. तुमचं मोजमाप पक्कं."

कर्तव्याचे स्वरूप असे. दर गुरुवारी मध्याह्नापर्यंत प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या वर्गातील प्रत्येक फुटबॉलपटूची पात्रता-चिठ्ठी भरून द्यावयाची. त्यावर 'उत्तीर्ण' किंवा 'अनुत्तीर्ण' एवढेच लिहावयाचे. शंभरांत साठ ही सीमारेषा. एका विषयात जरी 'अनुत्तीर्ण' आले, तरी शनिवारी तो वीर बाकावर बसणार. चिठ्ठ्या तपासून अंतिम स्वाक्षरी माझी. आजवर या चिठ्ठ्या बुधवारीच, कोऱ्या परंतु स्वाक्षरीयुक्त, प्रशिक्षकाच्या टेबलावर पोहोचत असत असे कळले. ही परंपरा माझ्या हस्ते अस्तंगत होईल. साठ म्हणजे साठ. एकोणसाठ आणि साठ यांमध्ये रोमच्या तटबंदीहून भक्कम भिंत आहे आणि तिच्यावर मी पहारा देत आहे.

माझी भगिनी मिल्ड्रेड म्हणाली, "रोज सूप गार होईस्तोवर मला ऐकवतोस, त्यापेक्षा कुठंतरी लिहीत जा, एल्बर्ट." म्हणून ही दैनंदिनी.

गुरुवार, २४ सप्टेंबर

पहिल्या चिठ्ठ्या. सोळा खेळाडूंपैकी लॅटिनच्या वर्गात एकच, एमिल पावलिक. पोलादाच्या भट्ट्यांच्या गावचा, भट्टीवाल्याचा मुलगा. मान खांद्यांत कोठे संपते हे शारीरविज्ञानासही सांगता येऊ नये. मी त्याला पहिल्या दिवशी पाहून मनोमन 'अनुत्तीर्ण' लिहून टाकले होते.

परंतु हा मुलगा लॅटिन जाणतो! आठव्या वर्षापासून गावच्या चर्चमध्ये पाद्र्यामागे उभा राहून प्रार्थनांना उत्तरे देत आला. उच्चार पूर्णतः पुरोहिती, माझ्या प्रोटेस्टंट, प्रेस्बिटेरियन कर्णांस क्लेशदायक. परंतु वाक्याचा ताल असा की जणू ती भाषा त्याच्या घरी चुलीपाशी बोलली जाते. पहिल्या चाचणीत एक्याण्णव.

"हे कुठे शिकलास?" मी विचारले.

"फादर ओंद्रुश चुकलं की कानाखाली द्यायचे, सर."

अध्यापनशास्त्राचा हा मार्ग आमच्याकडे उपेक्षित राहिला, एवढेच मी म्हणालो. तो हसला. हसताना तो बारा वर्षांचा दिसतो.

शनिवार, ३ ऑक्टोबर

समितीसदस्यत्वाच्या नात्याने आज सामना पाहणे प्राप्त झाले. ज्या खेळात पायाचा संबंध अत्यल्प आणि डोक्याचा सर्वाधिक, त्यास हे लोक फुटबॉल म्हणतात. पावलिक फुलबॅक आहे. म्हणजे लंबवर्तुळाकार चेंडू पोटाशी कवटाळून, मस्तक खाली घालून, समोरच्या मानवी भिंतीवर आदळणे हा त्याचा व्यवसाय. या वर्षीपासून नियम बदलला आहे. चढाई आणि बचाव दोन्ही त्याच अकरा जणांनी करावयाचे, आणि एकदा बाहेर काढलेला गडी त्या चौथाईत, म्हणजे सामन्याच्या त्या चतुर्थांशात, परत येऊ शकत नाही. त्यामुळे प्रशिक्षक राडेमाकर चांगल्या गड्यास सहसा बाहेर काढीत नाही.

दुसऱ्या चौथाईत पावलिक एका धडकेनंतर उताणा पडून राहिला. नाकाशी अमोनियाची शिशी धरली, तो उठला, शिरस्त्राण सारखे केले, आणि शांतपणे चालत जाऊन प्रतिपक्षाच्या कोंडाळ्यात उभा राहिला. चार हजार लोक पोट धरून हसले. कप्तानाने त्याला खांद्यांना धरून, फिरवून, स्वगृही आणले. मीही हसलो. विनोदाच्या दृष्टीने प्रवेश निर्दोष होता.

मिल्ड्रेड हसली नाही. तिची विनोदबुद्धी आमच्या मातुल घराण्याकडून आली आहे.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

क्रोधाच्या भरात लिहीत आहे, म्हणून अक्षर क्षम्य.

काल चाचणी होती. रोमन सैन्याच्या माघारीचा उतारा. पावलिकने पहिले वाक्य लिहिले, "सैनिक थकले होते, पण कोणी मागे वळले नाही." उत्तम. त्यानंतर तेच वाक्य पुन्हा. मग पुन्हा. मग चौथ्यांदा, तळाशी, तिरके होत गेलेल्या ओळीत. पुढे काही नाही. एकेचाळीस गुण.

वर्गासमोर मी उत्तरपत्रिका उंचावली. "श्रीयुत पावलिक, ही माझी थट्टा आहे काय? एका सामन्यातील टाळ्या आपल्या मस्तकात गेल्या काय?"

तो कागदाकडे असे पाहू लागला की तो दुसऱ्या कोणी लिहिला असावा. "मी एकदाच लिहिलं होतं, सर," तो म्हणाला.

उद्धटपणाची ही पराकाष्ठा! बारा वाजण्यास वीस मिनिटे असताना मी लिहिले: अनुत्तीर्ण.

शुक्रवार, ९ ऑक्टोबर

एल्डरटन नगरीने माझ्याविरुद्ध युद्ध पुकारले आहे. खाटकाने मिल्ड्रेडला मांसापेक्षा चरबी अधिक दिली. न्हाव्याने माझ्या डाव्या कानामागे जे केले त्यास केशकर्तन म्हणता येणार नाही.

सायंकाळी राडेमाकर स्वतः पायरीवर उभा राहिला. टोपी हातात, आवाज मात्र मैदानावरचा.

"प्रोफेसरसाहेब, एका उताऱ्यापायी अख्खं गाव उपाशी ठेवणार?"

"गावाची उपजीविका उताऱ्यांवर चालते, हे मला नवीन आहे."

"अहो, पोराच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले त्या शनिवारी. सगळ्यांच्याच चमकतात. मला एकतीस सालचा आख्खा ऑक्टोबर आठवत नाही!"

"आणि त्याचा आपणास अभिमान आहे?"

"चार सामने जिंकलो होतो, असं म्हणतात."

मी दार लावून घेतले. बौद्धिक दारिद्र्याचे इतके प्रांजळ निवेदन मी पूर्वी ऐकले नव्हते.

गुरुवार, १५ ऑक्टोबर

विजय! पावलिक गेल्या शनिवारी बाकावर बसला, आठवडाभर सरावासही गेला नाही, आणि कालच्या चाचणीत अठ्ठ्याहत्तर गुण! अक्षर सरळ, क्रियापदे जागच्या जागी. दंडाइतके गुणकारी औषध वैद्यकात नाही, हे मी तेवीस वर्षे सांगत आलो आहे. अध्यक्ष पूल यांना मी हे कळविले. ते म्हणाले, "मग शनिवारी खेळेल ना?" या माणसाच्या मेंदूत विद्येसाठी राखीव जागा नाही.

उत्तीर्ण. स्वाक्षरी.

रविवार, २५ ऑक्टोबर

पावलिकला भोजनास बोलाविले. दोन सामने जिंकून झाले आहेत. त्यास काही संस्कृतीचा स्पर्श व्हावा, हा हेतू. मिल्ड्रेडने डुकराच्या मांसाचा रोस्ट केला होता. मुलाने तिला विचारले, "तुम्ही पियानो कुठं शिकलात, मिस फेनविक?" तिने सांगितले: सिनसिनाटीत, मावशीकडे. पुढे बटाटे वाढताना त्याने तेच विचारले. तिने पुन्हा तितक्याच मायेने सांगितले. मला तिसऱ्याची प्रतीक्षा होती.

खाणे अल्प. मेजावरील दिवा त्याने हाताने दूर सारला आणि क्षमाही मागितली नाही. शेवटच्या गोड पदार्थापूर्वीच 'जरा येतो' म्हणून अंगणात गेला आणि लायलॅकच्या झुडपात त्याचे वमन झाले.

तो गेल्यावर मी म्हणालो, "बिअर. विजयोन्मादाचे स्वाभाविक पर्यवसान."

"त्याच्या तोंडाला वास नव्हता, एल्बर्ट."

"तू वास घेतलास?"

"मी त्याचं तोंड पुसलं. तू तेव्हा नैतिकतेवर बोलत होतास."

भगिनीचे अतिरिक्त शिक्षण हे कुटुंबसंस्थेस घातक असते.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

पावलिक: चौसष्ट. अधोगती निर्विवाद. वर्गात हातांवर मस्तक ठेवून बसतो. खडू फळ्यावर वाजला की डोळे मिटतो, जणू माझे अध्यापन हीच व्याधी. संघ मात्र अपराजित आहे. एकवीस तारखेस कार्थेज महाविद्यालयाशी अंतिम झुंज. पारितोषिक एक पितळी बादली, जिच्यात १८९८ साली कोणा गाईचे दूध काढले होते. या बादलीसाठी प्रौढ पुरुष रडतात. ग्रंथालयाच्या गळक्या छपराखाली आम्ही ज्या बादल्या ठेवतो, त्यांसाठी कोणी अश्रू ढाळल्याचे स्मरत नाही.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

काल या सत्राची शेवटची साप्ताहिक चाचणी. पावलिकने शेवटचे दोन प्रश्न कोरे सोडले. अक्षर मुंग्यांच्या विस्कटलेल्या रांगेसारखे. बेरीज केली: छप्पन.

परंतु पहिल्या परिच्छेदात, सेनापती आपल्या मृत मित्रास निरोप देतो त्या स्थळी, त्याने केलेले भाषांतर वाचून मी लेखणी खाली ठेवली. तेवीस वर्षांत असे वाक्य कोणी लिहून दिले नव्हते. त्यातील विरामचिन्हेसुद्धा दुःखी होती. मी ते मिल्ड्रेडला मोठ्याने वाचून दाखविले. मग त्या एका वाक्याच्या लालित्यास्तव सात गुण अधिक दिले. एकूण त्रेसष्ट.

हा पक्षपात नव्हे. ही रसिकता होय. गुणपत्रिकेत 'लालित्य' असा रकाना नसणे हा गुणपत्रिकेचा दोष आहे.

बुधवार, १८ नोव्हेंबर

आज माझ्या दालनात जे घडले, ते माझ्या चारित्र्याच्या परीक्षेचे सर्वोच्च शिखर मानतो. यथातथ्य नोंदवितो.

दुपारी तीन वाजता पावलिक आला. बसण्यास सांगितले तर उभाच राहिला, खुर्चीची पाठ धरून.

"सर, एक मागायचं होतं."

"गुण सोडून काहीही माग."

"गुणच. कमी हवेत."

मी ऐकले ते बरोबर ऐकले काय, असे विचारले.

"मला नापास करा, सर. एवढ्या आठवड्यापुरतं. मी शेवटचे दोन प्रश्न मुद्दाम सोडले होते. तरी त्रेसष्ट कसे आले, कळत नाही."

"खेळावयाचे नसेल तर प्रशिक्षकास सांग."

"तसं सांगता येत नाही, सर. आम्ही सोळाच आहोत. पाय मोडला तर चालतं, दिसतो. हे दिसत नाही." त्याने कपाळाला दोन बोटे लावली. "पूर्वी काजवे चमकायचे आणि जायचे. आता जात नाहीत. आत्ता पण आहेत, तुमच्या टायवर."

मी माझा टाय पाहिला. तो करड्या रंगाचा आहे.

"दवाखान्यात जा."

"गेलो होतो. टीमच्या डॉक्टरनं ॲस्पिरिन दिली. म्हणाला, बादलीनंतर बघू." मग तो खाली पाहत म्हणाला, "शनिवारी बाबा येणार आहेत. भट्टीवरची माणसं घेऊन, बस करून. मी मागं झालो तर त्यांना खाली बघायला लागेल. पण तुम्ही नापास केलंत तर मला कोणी काही बोलणार नाही, सर. शिव्या तुम्हालाच देतील. तुम्हाला तर सवय आहे."

या शेवटच्या वाक्यातील निरागसतेने माझा संताप अनावर झाला. मी त्याला सांगितले की दोन महिने अध्यक्ष, प्रशिक्षक, खाटीक व न्हावी यांच्या संयुक्त आक्रमणापुढे मी एका गुणाचीही लाच दिली नाही. न मिळविलेला गुण देणे ही चोरी असेल, तर मिळविलेला गुण काढून घेणे ही दरोडेखोरी होय. नापास करताना मी कोणास घाबरलो नाही, तसा कोणाच्या सोयीसाठी नापासही करणार नाही. साठ म्हणजे साठ, आणि त्रेसष्ट म्हणजे त्रेसष्ट.

त्याने सगळे ऐकून घेतले. "होय सर," तो म्हणाला. "चुकलो, सर."

बाहेर जाताना त्याचा खांदा दाराच्या चौकटीवर आदळला. चौकटीस तो 'सॉरी' म्हणाला.

मिल्ड्रेडला हा प्रसंग भोजनसमयी सांगितला. भाषण तिला तोंडपाठ होईल इतके व्यवस्थित सांगितले. ती काट्याने वाटाणे इकडून तिकडे लोटत राहिली. शेवटी म्हणाली, "त्यानं आयुष्यात तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली."

गुरुवार, १९ नोव्हेंबर

बारा वाजण्यास पाच मिनिटे. उत्तीर्ण. स्वाक्षरी.

अध्यक्ष पूल यांनी हस्तांदोलन केले. त्यांचा तळहात ओलसर होता.

रविवार, २२ नोव्हेंबर

बादली आमच्याकडे आली.

तिसऱ्या चौथाईच्या आरंभी एमिल एकदा पडला. शिशी. उठला. चार खेळ्यांनंतर पुन्हा पडला. शिशी. या वेळी उठल्यावर त्याने शिरस्त्राण उलटे घालण्याचा प्रयत्न केला. कोणी हसले. मिल्ड्रेड उभी राहिली आणि ओरडली, "त्याला बाहेर काढा!" माझ्या भगिनीने आयुष्यात कधी आवाज चढविलेला मी ऐकला नव्हता. मागच्या रांगेतून कोणी म्हणाले, "बाई, बसा खाली, दिसत नाही." चौथाई संपावयास अकरा मिनिटे होती. आता बाहेर काढला तर अकरा मिनिटे तो आत येऊ शकणार नव्हता, आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. राडेमाकरने घड्याळ पाहिले. मी त्याला घड्याळ पाहताना पाहिले.

पुढच्या खेळीत त्याने चेंडू नेला आणि रेषेपार पडला. टचडाउन. सगळे उठले. एकटा तो उठला नाही.

मिल्ड्रेड बाकांवरून खाली उतरत गेली. मी तिच्या मागे गेलो. तिचे मोजे फाटले होते.

शहराच्या इस्पितळात काल सायंकाळी शल्यवैद्याने त्याची कवटी उघडून आत साचलेले रक्त काढले. त्याने आम्हाला विचारले, "याला पूर्वी कधी लागलं होतं?" मिल्ड्रेडने माझ्याकडे पाहिले. मी तारखा सांगितल्या. माझ्याकडे सगळ्या तारखा होत्या. मी त्या लिहून ठेवल्या होत्या.

श्रीयुत पावलिक, त्याचे वडील, बाहेर बाकावर बसले होते. हातात टोपी, भुवया भट्टीने करपलेल्या. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"तुम्ही लॅटिनचे सर ना? पोरगं घरी पत्रात लिहायचं, त्यांच्या हातून पास होणं म्हणजे सोपं काम नाही. तुमचे उपकार आहेत."

मी त्यांना काही सांगितले नाही.

सोमवार, २३ नोव्हेंबर

अध्यक्ष पूल यांनी एक टंकलिखित निवेदन समोर ठेवले. वृत्तपत्रांसाठी. 'विद्यार्थी सर्व विषयांत उत्तीर्ण होता. त्याची पात्रता क्रीडासमितीने काटेकोरपणे तपासली होती.' खाली माझ्या नावासाठी रेघ.

"तुमची चिठ्ठी आहे, म्हणून आपण सगळे सुरक्षित आहोत, फेनविक. तुम्ही कधी कोणाला फुकट गुण देत नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. तुमच्या सहीपुढे कोण बोलणार?"

मी म्हणालो की मला उत्तरपत्रिका पुन्हा तपासावी लागेल.

"आत्ता? आता तपासून काय उपयोग?"

"बेरीज," मी म्हणालो.

घरी आलो. उत्तरपत्रिका काढली. लाल शाईने समासात माझ्याच अक्षरात: 'लालित्य, ७.' त्या मुलाने शरीराने न जमले ते कागदावर करून पाहिले होते. मैदानातून बाहेर पडण्याचा तोच एक मार्ग होता, आणि त्याने तो शोधला होता. तो अनुत्तीर्ण झालाच होता. रीतसर. छप्पन गुणांनी. मी त्याला, एक सुंदर वाक्य वाचून, परत आत ओढले. आणि तो ते सात गुण परत करावयास आला, तेव्हा मी त्याला प्रामाणिकपणावर व्याख्यान दिले.

तेवीस वर्षांत मी फुकट दिलेले गुण एवढेच.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

अध्यक्षांना निवेदन परत केले, कोरे. सोबत नवी चिठ्ठी: 'एमिल पावलिक, लॅटिन, छप्पन, अनुत्तीर्ण. पूर्वीची चिठ्ठी असत्य होती. ए. फेनविक.' आणि या दैनंदिनीतील तारखांची यादी: कोंडाळे, चार वेळा लिहिलेले वाक्य, दिवा, लायलॅक, काजवे. एक प्रत त्याच्या वडिलांना. एक वृत्तपत्राला.

पूल उभेच राहिले. "तुम्ही महाविद्यालयाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करताय!"

"नाही, महाशय. पहिला मी उभा आहे. आपण माझ्या मागे आहात. राडेमाकर आपल्या मागे. कृपा करून रांग मोडू नका."

दार जोरात लावणे मला कधी साधले नाही. आजही साधले नाही. ते हळूहळू मिटले. परंतु त्याच्या फटीतून मला त्यांचा चेहरा शेवटपर्यंत दिसला, आणि मी तो मुद्दाम पाहिला.

गुरुवार, ३ डिसेंबर

खाटकाने मिल्ड्रेडला काहीच देण्याचे बंद केले आहे. आम्ही पुढच्या गावाहून आणतो.

आज इस्पितळात भेटीची अनुमती मिळाली. एमिलचे डोके पांढऱ्या पट्ट्यांत. उजवा हात चादरीवर ठेवलेला, जणू दुसऱ्या कोणाचा. तो बोलतो, पण प्रत्येक शब्द भिंतीपलीकडून आणल्यासारखा. वडिलांना ओळखतो. सकाळी पाद्री आले, तेव्हा लॅटिन उत्तरे एकही न चुकता दिली म्हणे. सामना झाला हे त्याला ठाऊक नाही. सप्टेंबरपासूनचे फार थोडे ठाऊक आहे.

मी पिशवीतून त्याची उत्तरपत्रिका काढली. सातावर काट मारलेली. खाली मोठ्या अक्षरांत: ५६. अनुत्तीर्ण. ही वस्तू येथे आणण्यामागे माझा काय हेतू होता, हे मला सांगता येत नाही. मी शिक्षक आहे. तपासलेला कागद परत करावा लागतो.

त्याने तो डाव्या हातात धरला. फार वेळ वाचला. ओठ हलत होते.

"म्हणजे शनिवारी खेळायचं नाही?"

"नाही."

"बाबा काय म्हणतील?"

"त्यांना मी सांगितले आहे. दोष माझा आहे, असे सांगितले आहे."

त्याने कागद छातीवर ठेवला आणि त्यावर हात ठेवला. मग, बारा वर्षांच्या मुलासारखा, अर्ध्या तोंडाने हसला. दुसरे अर्धे हलले नाही.

"तुम्हाला शिव्या देतील, सर."

"देऊ देत," मी म्हणालो.

"आभारी आहे, सर," तो म्हणाला, आणि त्याने डोळे मिटले.